नभोवाणीचें गद्य आणि परभणी केंद्र

मराठी मासिकांतून ग्रंथांचें परीक्षण होतें, नाट्यप्रयोगांचें होतें, चित्रपटांचें आणि गायनाच्या बैठकींचेंहि होतें. परंतु ज्या वाणीनें अर्धशतकाहून अधिक काळ खेड्यापाड्यांतील माणसांस दररोज मराठी गद्य ऐकविलें, त्या नभोवाणीच्या गद्याकडे आमच्या टीकाकारांचें लक्ष क्वचितच गेलें आहे. नभोवाणी म्हटली कीं सुशिक्षितांस ‘गीतरामायण’ आठवतें. १ एप्रिल १९५५ पासून पुणें केंद्रानें दर आठवड्यास एक याप्रमाणें छप्पन गीतें ऐकविलीं, हें खरोखरच अपूर्व होतें; पण तेथेंहि चर्चा झाली ती कवीची आणि संगीतकाराची. शिवाय वर्षाचे तीनशें पासष्ट दिवस नभोवाणीवरून जें बोललें जातें तें गीत नव्हे, तें गद्य असतें. पिकांवरील भाषण, हवामानाचा इशारा, बाजारभाव, आरोग्याची माहिती, श्रोत्यांच्या पत्रांस दिलेलीं उत्तरें हें सारें गद्यच होय. तें छापलें जात नाहीं म्हणून तें वाङ्मय नव्हे, असें मानण्याचा आमचा परिपाठ आहे. पोवाडा, कीर्तन आणि जात्यावरची ओवी यांच्या बाबतींत हा परिपाठ आपण केव्हांच सोडला. नभोवाणीच्या बाबतींत मात्र तो अद्याप धरून बसलों आहों.

एखाद्या नियतकालिकाचें परीक्षण करावें त्या रीतीनें एका लहान केंद्राचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे. तें केंद्र परभणीचें. मध्यम लहरींवर १३०५ किलोहर्ट्झ हें ज्याचें स्थान, तें हें केंद्र १९६८ सालीं सुरू झालें. सालाचें महत्त्व कळण्यास थोडें मागें जावें लागेल. निजामाच्या राज्यांत सरकारी नभोवाणी होती, आणि हैदराबादखेरीज औरंगाबाद (आजचें छत्रपति संभाजीनगर) येथेंहि तिचें एक केंद्र होतें. राज्यकारभाराची व वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं हैदराबाद संस्थान भारतांत आलें. १ एप्रिल १९५० रोजीं हीं दोन्हीं केंद्रें ऑल इंडिया रेडिओकडे आलीं. आणि १९५३ सालीं औरंगाबादचें केंद्र बंद झालें. त्याच वर्षीं २ ऑक्टोबरला पुण्याचें केंद्र उघडलें. त्याच वर्षीं परभणीचे कवि आणि कादंबरीकार बी. रघुनाथ हेहि वारले. निजामी अमलांत कारकुनी करीत मराठी लिहिणाऱ्या या लेखकाच्या प्रांतास मराठींत बोलणारें स्वतःचें केंद्र पुढें पंधरा वर्षें मिळालें नाहीं. १९५६ सालीं मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यांत आला, १९६० सालीं महाराष्ट्र झाला, तरी मराठवाड्याच्या कानांवर पडणारें मराठी दुसऱ्यांच्या गांवाहून येत होतें. तें वाईट होतें असें नाहीं. तें परकें होतें, इतकेंच.

दरम्यान पश्चिमेकडे एक फार महत्त्वाचा प्रयोग होऊन गेला. खेड्यांत सार्वजनिक रेडिओ ठेवून लोकांस शहाणें करण्याची कल्पना तेव्हां नवी नव्हती. १९३५ च्या सुमारास पेशावरला आणि अलाहाबादजवळ नैनीच्या कृषिसंस्थेंत असे यत्न झाले होते. परंतु १९५६ सालीं यूनेस्कोच्या साह्यानें पुणें केंद्राच्या क्षेत्रांत जें झालें त्याची रीत निराळी होती. पुणें, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पांच जिल्ह्यांत सुमारें दीडशें गांवीं शेतकऱ्यांचीं श्रोतृमंडळें स्थापन झालीं. दहा आठवडे, आठवड्यांतून दोनदां, अर्धा अर्धा तास, असे वीस कार्यक्रम झाले. मंडळींनीं एकत्र बसून ऐकावयाचें, ऐकल्यावर वाद घालावयाचा, जें पटलें तें करून पाहावयाचें, आणि जें समजलें नाहीं तें केंद्रास लिहून विचारावयाचें. केंद्रानें पुढच्या कार्यक्रमांत उत्तर द्यावयाचें. मूळ कल्पना कॅनडाची. टाटा समाजविज्ञान संस्थेनें प्रयोगाची पाहणी केली, आणि तिचा वृत्तांत जगदीशचंद्र माथुर व पॉल न्यूराथ यांच्या नांवानें १९५९ सालीं यूनेस्कोनें प्रसिद्ध केला. (हे माथुर त्या वेळीं नभोवाणीचे मुख्य अधिकारी होते आणि हिंदींतील ‘कोणार्क’ नाटकाचे कर्तेहि होते. खात्याच्या प्रमुखास संवाद कसा लिहावा हें ठाऊक असणें ही आपल्याकडे सदैव घडणारी गोष्ट नव्हे.) या पाहणींतून निघालें तें असें कीं, ज्या गांवीं मंडळें होतीं तेथें लोकांचें ज्ञान पुष्कळ वाढलें, ज्या गांवीं नुसताच रेडिओ होता तेथें तें फारसें वाढलें नाहीं.

आमच्या मतें नभोवाणीविषयीं मराठी मुलखांत निघालेलें हें सर्वांत मोलाचें टीकावचन आहे, आणि तें आंकड्यांच्या पुस्तकांत असल्यामुळें साहित्यिकांनीं तें वाचलें नाहीं. बोलणाऱ्यास उलट प्रश्न येणार आहे हें ठाऊक असलें म्हणजे त्याची वाक्यें बदलतात. जो केवळ हुकमाप्रमाणें दहा मिनिटें भरून काढावयास आला आहे त्याचीं बदलत नाहींत. मराठवाडा त्या वेळीं अजून हैदराबाद राज्यांत असल्यानें या पांच जिल्ह्यांत त्याचा समावेश होणें शक्यच नव्हतें. परभणीचें केंद्र सुरू झालें तेव्हां बारा वर्षें लोटलीं होतीं. सार्वजनिक रेडिओची जागा घरोघरचा, खांद्याला अडकवून शेतांत नेण्याजोगा ट्रॅन्झिस्टर घेऊं लागला होता. मंडळांचें दिवस संपत आले होते आणि एकट्या श्रोत्याचें युग सुरू झालें होतें.

या एकट्या श्रोत्याशीं मध्यम लहरींवरून कसें बोलावें, हा प्रश्न केवळ यंत्रज्ञांचा नव्हे. १३०५ किलोहर्ट्झ म्हणजे सुमारें दोनशें तीस मीटर लांबीची लाट. ती जमिनीस धरून चालते, टेकडी आडवी आली तरी तिच्या मागें पोंचते. म्हणून एका मनोऱ्यानें कित्येक तालुक्यांचीं शिवारें आंवरतां येतात. रात्रीं हीच लाट आकाशांतील वरच्या थरांवरून परतूं लागते, त्यामुळें दूरदूरचीं केंद्रें एकमेकांत घुसतात आणि आपलें जवळचें केंद्र भलत्याच भाषेच्या गडबडींत बुडतें. पण आमच्या विषयास याहून महत्त्वाची गोष्ट अशी कीं, आपल्याकडे मध्यम लहरींवर शेजारशेजारच्या दोन केंद्रांत अंतर असतें तें अवघें नऊ किलोहर्ट्झ. एवढ्या अरुंद वाटेनें जावयाचें म्हणून आवाजाचा वरचा भाग छाटला जातो, आणि स्वस्त संचांत तर तो अधिकच छाटला जातो. सकाराचा सळसळाट बराचसा या वरच्या भागांतच असतो. याचा परिणाम असा कीं ‘साठ’ आणि ‘आठ’ यांत, वारा वाहत असतां आणि बैलांच्या घुंगुरांचा आवाज चालू असतां, कानास भेद करणें कठीण पडतें. कसलेला निवेदक अशा वेळीं ‘साठ, म्हणजे सहावर शून्य’ असें म्हणतो. छापील गद्यांत ही द्विरुक्ति दोष ठरेल. येथें ती अलंकाराहून थोर आहे. लांब समास, वाक्याच्या शेवटीं टांगून ठेवलेलें क्रियापद, एका वाक्यांत तीन आंकडे हे सारे या माध्यमांत शैलीचेच दोष होत.

आम्ही हें हवेंत बोलत नाहीं. परभणी-जिंतूर रस्त्यावरील झरी या गांवीं आमच्या एका माजी विद्यार्थ्याचें घर आहे. त्याचे वडील रेडिओवर जें ऐकत तें मुलाकडून एका वहींत उतरवून घेत. ती वही आम्हीं सावकाश वाचली. एका शाळकरी पोरानें घाईघाईनें लिहिलेलें तें सारें. परंतु नभोवाणीच्या गद्यावर याहून चांगली टीका आम्ही वाचलेली नाहीं. कारण पानावर रेडिओचें वाक्य आहे आणि समासांत वडिलांचा अर्थ आहे.

पानावर ‘हेक्टरी ५० किलो नत्र’ असें आहे. समासांत ‘एकरी एक पोतें युरिया’ असें आहे. या दोहोंमधील वाट किती लांबची, तें पाहा. हेक्टर म्हणजे सुमारें अडीच एकर, म्हणून पन्नासाचे वीस झाले. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र, म्हणून वीस किलो नत्रासाठीं सुमारें साडेत्रेचाळीस किलो युरिया. पोतें त्या काळीं पन्नास किलोंचें, म्हणून एक पोतें, जरा कमी. दोन भागाकार आणि एक अंदाज या माणसानें नांगराच्या खुंटीशीं बसून केला. भाषणकर्ता हें गणित आपल्या टेबलाशीं दोन मिनिटांत करूं शकला असता. त्यानें तें केलें नाहीं, याचें कारण त्याची विद्वत्ता नव्हे. त्याच्यासमोर जो कागद होता तो दुसऱ्या कागदावरून उतरविलेला होता, आणि कागदास एकर ठाऊक नव्हता.

दुसऱ्या एका पानावर मावा आणि तुडतुडे यांच्यासाठीं औषध सांगितलें आहे: तीस टक्के प्रवाही डायमेथोएट, दहा लिटर पाण्यांत दहा मिलिलिटर. समासांत आहे: ‘पंपाला दीड झांकण.’ पंप पंधरा लिटरांचा आणि बाटलीचें झांकण दहा मिलिलिटरांचें धरलें तर हिशेब अगदीं बरोबर आहे. पण झांकण हें कांहीं माप नव्हे. बाटली बदलली कीं झांकण बदलतें, आणि समासांतलें दीड झांकण मात्र तसेंच राहतें. २०१७ सालीं यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन वीसएक शेतकरी व मजूर प्राणांस मुकले. त्या अनर्थाचीं कारणें अनेक होतीं, आणि तो भार नभोवाणीच्या माथीं मारण्याचा आमचा मुळींच हेतु नाहीं. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं येथें गद्य चांगलें कीं वाईट हा रुचीचा प्रश्न उरत नाहीं. कादंबरीकाराचें वाक्य फसलें तर वाचक पुस्तक मिटतो. येथें वाक्य फसलें तर श्रोता तें आपल्या परीनें दुरुस्त करतो आणि त्या दुरुस्तीवर भरंवसून पाठीवर पंप घेतो.

सगळ्या पानांचे समास मात्र भरलेले नाहींत. जेथें श्रोत्याच्या पत्रास उत्तर आहे तेथें समास बहुधा कोरा आहे. भेंडीचीं पानें पिवळीं पडतात, शिरा पिवळ्या होतात, काय करावें, असें कोणीं विचारलें होतें. उत्तर दोन ओळींत आहे: हा केवडा आहे, रोगट झाडें उपटून टाका, पुढच्या वेळीं ‘परभणी क्रांति’ लावा. (परभणीच्या कृषि विद्यापीठानें काढलेला हा वाण या रोगास दाद देत नाहीं म्हणूनच नांवाजला.) ‘पीतशिरा विषाणुरोग’ हा शब्द उत्तर देणाऱ्यास ठाऊक नसेल काय? अवश्य ठाऊक असेल. पण पत्र समोर होतें. पत्रांत जी भाषा होती तीच उत्तरांत आली. १९५६ च्या पाहणीनें जें मोठ्या खटपटीनें सिद्ध केलें, तेंच या वहीच्या कोऱ्या समासांनीं सिद्ध होतें. हें विद्यापीठ १९७२ सालीं स्थापन झालें. त्याचे अध्यापक आणि नभोवाणी एकाच गांवीं असणें ही परभणी केंद्राची खरी श्रीमंती होय. पुण्यामुंबईच्या केंद्रांपाशीं गायक होते, नट होते, येथें ज्वारी आणि कापूस यांवर आयुष्य घालविलेलीं माणसें होतीं. त्यांस बोलावयास शिकविणारा संपादक सदैव लाभला असता तर मराठींत शास्त्रीय गद्याची एक नवीच शाखा फुटली असती, असें आम्हांस वाटतें.

हवामानाच्या भाषेचा येथें उल्लेख केल्यावांचून राहवत नाहीं. ‘तुरळक ठिकाणीं पाऊस पडेल’, ‘बऱ्याच ठिकाणीं पडेल’ या शब्दांस वेधशाळेनें नेमका अर्थ दिला आहे. तुरळक म्हणजे नोंद करणाऱ्या केंद्रांपैकीं चतुर्थांशाहून अधिक ठिकाणीं नव्हे. शब्द मराठी आहे, साधा आहे, आणि तरीहि त्याच्या पोटांत एक टक्केवारी दडलेली आहे हें श्रोत्यास कोणीं सांगितलें नाहीं. मिरगाची वाट पाहणारा शेतकरी ‘तुरळक’ म्हणजे ‘थोडा थोडा, पण येणार’ असें समजतो, तिफण जुंपतो आणि दुबार पेरणीच्या खाईंत पडतो. मग रेडिओ खोटा बोलतो असें म्हणतो. रेडिओ खोटा बोलला नाहीं, त्यानें आपल्या शब्दांचा कोश दिला नाहीं. अवघड शब्दानें जितका घोंटाळा होतो त्याहून अधिक घोंटाळा अशा सोप्या शब्दानें होतो.

आतां दुसऱ्या टोकाचा दोष. कागदी भाषेवर उपाय म्हणून नभोवाणीनें सर्वत्र गांवकऱ्यांच्या संवादांची युक्ति काढली. एक जाणता, एक भोळा. भोळ्यानें चुकीचें बोलावयाचें, जाणत्यानें दुरुस्त करावयाचें. हे संवाद जेथें माणसाच्या कानानें लिहिले गेले तेथें उत्तम झाले. पुणें केंद्राच्या ग्रामीण विभागांत व्यंकटेश माडगूळकरांसारखा लेखक दीर्घकाळ नोकरीस होता, हें विसरूं नये. पण पुष्कळ ठिकाणीं त्यांतून एक नाटकी खेडूत जन्मास आला, आणि तो ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणणारा, देशावरच्या तमाशांतून आलेला होता. परभणीकडचा शेतकरी तसें बोलत नाहीं. तो ‘काय करायलास?’ असें विचारतो आणि ‘पाळी घालायलो’ असें सांगतो. शेतांतल्या वस्तीस आखाडा म्हणतो. कंत्राटदारास गुत्तेदार म्हणतो. त्याच्या तोंडीं उर्दूचे आणि तेलुगूच्या शेजाराचे शब्द सहज वावरतात. त्यास सातारी बोली ऐकविणें म्हणजे त्याच्याशीं त्याच्या चुलतभावाचें सोंग घेऊन बोलणें होय. परभणी केंद्राची कसोटी आम्ही येथें लावूं: त्यानें हें ‘करायलो’ सूक्ष्मश्रवणीसमोर, म्हणजे मायक्रोफोनसमोर, किती वेळां येऊं दिलें? जेव्हां शेतकरी, आरोग्यसेविका, शाळामास्तर स्वतः बोलावयास आले तेव्हां तें आपोआप आलें. तेवढ्यापुरतें बी. रघुनाथांच्या गांवचें मराठी, कोणाच्या परवानगीवांचून, आकाशांतून ऐकूं आलें. आमच्या मतें केंद्राचें हेंच मोठें वाङ्मयीन कार्य होय, आणि तें बहुधा कोणाच्या धोरणानें झालेलें नाहीं.

भजनें, भारुडें, जनाबाईच्या गंगाखेडकडील ओव्या यांविषयीं येथें विस्तार करीत नाहीं. तीं ऐकविण्यांत सर्वच केंद्रांनीं चांगली कामगिरी केली, आणि त्यांची वाखाणणी करणारे पुष्कळ आहेत.

गद्याचें काय झालें? तें पुसलें गेलें. फीत महाग, म्हणून भाषण ऐकवून झालें कीं तीच फीत पुन्हा वापरावयाची, ही जगांतील मोठमोठ्या नभोवाणी संस्थांचीहि रीत होती; लहान केंद्रांकडून निराळी अपेक्षा करणें अन्यायाचें होईल. संगीताच्या कांहीं फिती जतन झाल्या, कारण गवयाचें मोल सर्वांस कळत होतें. ज्वारीवरील दहा मिनिटांचें मोल कोणास कळणार? त्यांत आतां मध्यम लहरींचाच काळ सरत आहे. नांदेडसारख्या ठिकाणीं १९९१ पासून एफएम केंद्र आहे, आणि देशांत अनेक ठिकाणीं जुनी मध्यम लहरींचीं प्रक्षेपणयंत्रें उतरवून एफएमचीं बसविण्यांत आलीं आहेत. एफएमचा आवाज स्वच्छ, त्यांत सकारहि शाबूत राहतो, आणि ‘साठ’चे ‘आठ’ होत नाहींत. ही सुधारणा नाकारणें वेडेपणाचें होईल. पण ती लाट सरळ रेषेंत जाते, टेकडीस वळसा घालीत नाहीं, आणि तिचा पल्ला आंखूड असतो. भ्रमणध्वनीवरून आतां बरींच केंद्रें कोठेंहि ऐकतां येतात, हेंहि खरें. मात्र जें कोठेंहि ऐकूं येतें तें कोणा एकाशीं बोलण्याची संवय लवकर सोडतें, अशी आम्हांस धास्ती वाटते. वरून आलेला कार्यक्रम पुढें ढकलणें स्वस्त असतें. गांवच्या पत्रास उत्तर देण्यास मात्र माणूस लागतो.

फिती गेल्या तरी वह्या आहेत. झरीच्या एका घरांत एक निघाली, तर जिंतूर, मानवत, सेलू, पाथरी इकडे दहा निघतील. हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हां यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं गांवोगांव हिंडून जात्यावरच्या लाखावर ओव्या जमविल्या. तेव्हांहि जातीं बंद पडत चाललीं होतीं. मराठवाड्यांतील महाविद्यालयांच्या मराठी विभागांनीं हें काम हातीं घ्यावें. वह्या, केंद्रास आलेलीं पत्रें, बोलावयास गेलेल्या माणसांनीं जपून ठेवलेलीं भाषणांचीं हस्तलिखितें, आणि ऐकणाऱ्यांच्या तोंडून ऐकण्याची हकीकत, असा सारा संग्रह करावा. विलंब करून चालणार नाहीं. १९६८ सालीं जे विशींत होते आणि ज्यांनीं हें केंद्र पहिल्यानें ऐकलें, ते आज पंचाहत्तरीच्या पलीकडे आहेत.